देवद्वारीचा चौघडा आणि गावाची वेळ

मंगलकार्यातील आपल्या पारंपरिक वाद्यांविषयी यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. मी संगीतज्ञ नव्हे आणि इतिहाससंशोधक तर नव्हेच नव्हे. १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेला व पुढे चाळीस वर्षे शाळेत पाढे आणि व्याकरण शिकविलेला मी एक साधा शिक्षक. परंतु चिटणीसांनी माझा नकार ऐकून न घेता एवढेच म्हटले, “गुरुजी, तुमच्या घरी सनई होती ना? मग तेवढे लिहा.” या वाक्यापुढे मला बोलता आले नाही. गुरवाच्या घरी जन्मलेल्या आणि हाती आलेले वाद्य खाली ठेवून शाळेच्या घंटेखाली आयुष्य घालविलेल्या माणसाने याविषयी काही सांगणे त्याचे कर्तव्यच ठरते. ज्ञातिबंधुभगिनींनी न्यूनाधिकाची क्षमा करावी.

शाळेच्या घंटेपासूनच आरंभ करतो. आमच्या शाळेच्या अंगणात लिंबाच्या फांदीस आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. शिपाई त्याच्यावर टोले देई आणि आम्ही म्हणत असू, “पहिला तास झाला.” तास हा शब्द मी दिवसातून वीस वेळा उच्चारीत असेन, पण तास म्हणजे मुळात काशाची थाळी, जिच्यावर टोला देऊन वेळ जाहीर करीत ती, हे मला नोकरी लागून कितीतरी वर्षांनी एका जुन्या कोशात पाहताना समजले. वाजविण्याच्या थाळीचे नाव काळाला पडले आणि थाळी विस्मरणात गेली. ‘घटका’ या शब्दाची हकीकत अशीच आहे. बुडास बारीक छिद्र पाडलेले भांडे पाण्यावर सोडावे, हळूहळू भरून ते बुडाले की एक घटका झाली, म्हणजे आजची २४ मिनिटे. घट, घटी, घटका, घडी, घड्याळ हे सारे एकाच घरचे शब्द.

नौबतीची गोष्ट याहून मनोरंजक आहे. हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ पाळी, वेळ, खेप असा आहे. ठराविक पाळीने जे वाजते ती नौबत. म्हणूनच आपण आजही “उपाशी राहण्याची नौबत आली” असे म्हणतो. त्या वाक्यात नगारा कोठेच नाही, आहे ती केवळ आलेली वेळ. चौघड्याच्या नावात चारांचा बोध उघड आहे. मग ते चार घडे म्हणजे वाद्याची चार भांडी समजावी, की पंचांगातील चौघडियाप्रमाणे चार घटका समजाव्या, हा वाद व्याकरणकारांवर सोपवू. माझ्यापुरते मला असे वाटते की, ज्या भाषेत वाद्य आणि वेळ यांची नावे इतकी एकमेकांत गुंतली आहेत, त्या भाषेच्या लोकांनी ही वाद्ये निव्वळ करमणुकीसाठी केली नसावीत. देवळात, राजद्वारी आणि लग्नमंडपात वाद्यांचे पहिले काम हे वेळ सांगण्याचे होते. अमुक घटना आता, या क्षणी घडली, हे साऱ्या गावाला कळविणे आणि साऱ्या गावाला तिचे साक्षीदार करणे हे ते काम.

शास्त्राच्या बाजूने पाहता आपल्या प्रदेशाचे भाग्य थोर. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या कारकिर्दीत, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यातील एक संपूर्ण अध्याय वाद्यांना दिला. तंतूंची ती तत, फुंकीची ती सुषिर, चामड्याने मढविलेली ती अवनद्ध आणि धातूची आघाताने वाजणारी ती घन, ही भरतमुनींपासून चालत आलेली चतुर्विध विभागणी त्यानेही स्वीकारली आहे. आपल्या देवळात वीणा सोडली तर बाकीचे तिन्ही वर्ग नित्य हजर असत. शंख, शिंग व सनई हे सुषिर. नगारा, संबळ, पखवाज हे अवनद्ध. घंटा, झांज, टाळ हे घन.

राजद्वारीच्या नौबतीचे सविस्तर वर्णन अबुल फजलच्या ‘आइन-इ-अकबरी’त सापडते. अकबराच्या नगारखान्यात दमाम्यांच्या अठराच्या आसपास जोड्या, नगाऱ्यांच्या वीस जोड्या, चार ढोल, एका वेळी चारांहून कमी नाहीत इतके कर्णे, एकत्र वाजणाऱ्या नऊ सनया, दोन शिंगे आणि झांजांच्या तीन जोड्या होत्या. या आकड्यांपेक्षा मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्याने दिलेली वाजविण्याच्या वेळांची माहिती. पूर्वी ही नौबत रात्र पडण्यापूर्वी चार घटका आणि उजाडण्यापूर्वी चार घटका वाजत असे. अकबराच्या काळी ती मध्यरात्री, सूर्य पुन्हा वर चढू लागतो त्या क्षणी, आणि दुसऱ्यांदा पहाटे वाजू लागली. बादशहाने वाद्ये बदलली नाहीत, वेळ बदलली. वेळ ठरविण्याचा अधिकार राजाचा आणि ती वेळ लोकांच्या कानी घालणारा तो नगारखाना, असा हा संबंध.

आपल्याकडे रायगडावर हीच गोष्ट दगडात उभी आहे. ६ जून १६७४ रोजी ज्या राजसदरेवर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तिच्या बरोबर समोर नगारखान्याचा दरवाजा आहे. शाळेची सहल घेऊन मी तेथे अनेकदा गेलो. एका मुलाने नगारखान्याच्या दारात हलक्या आवाजात बोलावे आणि बाकीच्यांनी सिंहासनाच्या जागेपाशी ते ऐकावे, हा खेळ प्रत्येक तुकडीने केला. पुण्यास शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली. त्याच्या दिल्ली दरवाजावरील नगारखाना १८२८ च्या आगीतून बचावला व आजही पाहावयास मिळतो. सरदारांस पालखी व छत्री यांप्रमाणे नौबतीचाही मान मिळे आणि तो मिळावा म्हणून मोठमोठी माणसे झुरत. मात्र एक गोष्ट येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. हे दरवाजे कोणी बांधले, नौबतीचा मान कोणास मिळाला, हे आपण शाळेतील मुलांकडून पाठ करून घेतो. त्या माळ्यावर चढून थंडीपावसात पहाटे चामडे शेकून नगारा वाजविणाऱ्या एकाही माणसाचे नाव मी चाळीस वर्षांत मुलांना सांगू शकलो नाही, कारण मलाच ते कोणत्या पुस्तकात भेटले नाही.

आता राजद्वार सोडून आपल्या गावच्या देवद्वारी येऊ. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ (१९१५) या पुस्तकात बलुतेदारांच्या मालिकेत गुरव येतो, हे आपणांस ठाऊक आहेच. देवाची पूजाअर्चा, देवळाची झाडलोट, बेल-पत्री पोचविणे, पत्रावळी लावणे ही कामे सर्व जाणतात. वाजविण्याचे काम मात्र जिल्ह्याजिल्ह्यांत निरनिराळ्या हातांत होते. कोठे गुरव, कोठे घडशी, कोठे न्हावी, कोठे होलार, तर कोठे मातंग समाजाचे कलावंत सनई फुंकीत. तेव्हा सनई ही केवळ आमचीच, असा दावा कोणी करू नये. आमच्या नीरेकाठच्या लहान गावी ती आमच्या घरी होती, एवढेच मी सांगू शकतो.

शिवालयाचा दिवस चार वेळी वाजे. पहाटे काकडआरतीस, दुपारी नैवेद्यास, दिवेलागणीस धूपारतीस आणि रात्री शेजारतीस. प्रत्येक वेळेची नगाऱ्याची चाल वेगळी आणि सनईची गतही वेगळी. पहाटेची चाल संथ, जागे होणाऱ्याला दचकविणार नाही अशी. धूपारतीची भरगच्च, कारण त्या वेळी गुरे घरी येत, पोरे ओरडत आणि त्या गलबल्यातून आवाज वर यावा लागे. शेजारतीला नगारा जवळजवळ बोटांनीच वाजे. मळ्यात मोट हाकणारा मनुष्य देऊळ न पाहता, नुसत्या चालीवरून, कोणती वेळ झाली ते ओळखी. नैवेद्याची चाल कानी पडली म्हणजे बैल सोडावयाचे, हा नियम माझ्या आजोबांच्या काळी साऱ्या शिवारात होता असे वडील सांगत. पावसाळ्यात नगाऱ्याचे कातडे सैल पडे व आवाज बद्द येई. मग आगटीवर ते शेकावे लागे. हे शेकण्याचे काम मुलांचे. कातडे जास्त तापले तर फुटते, कमी तापले तर बोलत नाही. माझ्या हातून एकदा ते जास्त तापले, आणि तेवढ्या एका प्रसंगी वडिलांनी माझ्या अंगाला हात लावला.

वाद्याने वेळ सांगण्याची ही रीत आजही जिवंत पाहावयाची असेल तर ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत पहाटे मुक्काम हलताना उभे राहावे. तेथे कर्णा तीनदा होतो. पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला तयारी आणि तिसऱ्याला प्रस्थान. हजारो वारकरी, शेकडो राहुट्या. पण कोणी कोणाला हाका मारीत नाही. सोहळ्याच्या अग्रभागी बैलगाडीतून नगारखाना चालतो आणि पुढच्या गावाला पालखी आल्याची वर्दी प्रथम तोच देतो.

लग्नाचे काम याहून नाजूक. हळद, देवदेवक, सीमांतपूजन, वरात या प्रत्येक प्रसंगी वाजंत्री हवेच. पण त्यांची खरी परीक्षा मुहूर्ताला. मंडपाच्या कोपऱ्यात तांब्याच्या गंगाळात घटिकापात्र तरंगत असे व जोशीबुवा त्याच्याकडे डोळे लावून बसलेले असत. मंगलाष्टके चालू असताना वाद्यांनी मौन पाळावयाचे. एका प्रचलित श्लोकात तर वाजंत्र्यांना तशी स्पष्ट ताकीदच आहे! मग शेवटचे ‘सावधान’ होऊन अंतरपाट दूर होतो न होतो तोच सनई-चौघडा एकदम उठला पाहिजे. एक श्वास आधी उठला तर अपशकुन, एक श्वास मागे राहिला तर यजमानाची नाचक्की. मंडपातील गर्दीतून वाजंत्र्यांना वधूवर दिसत नसत, कारण त्यांची बैठक मंडपाबाहेर. म्हणून कोणीतरी उपरणे वर करी आणि त्या उपरण्याच्या हालचालीवर सारी दृष्टी खिळलेली असे. आवाज उठला की मंडपातच काय, पण शेतात राहिलेल्या म्हाताऱ्यालाही कळे की लग्न लागले. पूर्वी लग्नाची नोंद कोणत्या कचेरीत होत होती? हा आवाज हीच ती नोंद. ज्यांनी तो ऐकला ते सारे साक्षीदार.

१९६८ साली, दहा वर्षांचा असताना, मी प्रथम वडिलांबरोबर लग्नाला गेलो. माझ्या हाती सुराची सनई दिली होती. ज्यांनी हे काम पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन सनयांपैकी एक गाते आणि दुसरी एकच स्वर अखंड धरून ठेवते. त्या स्वरात खंड पडता कामा नये. म्हणून गालांत हवा साठवून ती पिळीत राहावयाची आणि त्याच वेळी नाकाने श्वास आत घ्यावयाचा. ही युक्ती साधण्यासाठी मला पाण्याच्या तांब्यात ज्वारीच्या ताटाची नळी घालून बुडबुडे न थांबविता फुंकण्याचा सराव महिनाभर करावा लागला होता. गाल असे दुखत की रात्री भाकरी चावणे नको वाटे. वडिलांच्या सनईला दोऱ्याने बांधलेल्या जादा पत्त्या व त्या साफ करण्याची एक सुई लोंबत असे. पत्ती सुकू नये म्हणून ते ती मधूनमधून तोंडात ओली करीत. सुराच्या सनईला कोणी वाहवा देत नाही. परंतु ती थांबली की गाणारी सनई उघडी पडते, आणि हे वडिलांनी मला शब्दाने न सांगता एकदाच, रागाने पाहून, सांगितले.

त्याच लग्नात जेवणाची वेळ आली. वाजंत्र्यांची पंगत शेवटची असते हे मला ठाऊक नव्हते. मी इतर मुलांबरोबर पुढे होऊन पाटावर बसलो. घरच्या एका मोठ्या माणसाने मला दंडाला धरून उठविले आणि म्हणाला, “तुमचं मागनं.” ते घर कोणाचे, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, त्या काळी ते कोणत्याही घरी घडले असते. आम्ही दिवस मावळता मावळता जेवलो. लाडू संपले होते. ज्या आवाजावाचून त्यांचे लग्न लागत नव्हते, तो आवाज करणाऱ्यांना त्यांच्या पंगतीत जागा नव्हती, या गोष्टीचा अर्थ लावण्यात माझी पुढची बरीच वर्षे गेली.

पण एवढेच लिहून थांबलो तर तो अर्धा इतिहास होईल आणि आपल्याच स्मरणिकेत अर्धा इतिहास लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. आम्ही जेवलो ते निदान मंडपाच्या कनातीआड जेवलो. त्या लग्नात हलगी वाजविणारे दोघे मातंग बंधू आमच्या नंतर, कुंपणापलीकडे, धुळीत बसून जेवले. त्यांच्यापुढे अन्न वरून टाकले जात होते. माझ्या वडिलांना, जे स्वभावाने कोमल होते, त्यात काही गैर वाटल्याचे मला आठवत नाही. देवळातील नगाऱ्याचे कातडे ज्याने कमावले आणि ज्याने तो मढविला, त्याला तो नगारा जेथे वाजे त्या पायरीवर पाऊल ठेवता येत नव्हते; आणि त्याला अडविणाऱ्यांत आम्ही होतो. वाद्याला विटाळ नव्हता, तो फक्त माणसांना होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने १९२७ च्या महाड सत्याग्रहापासून लोकांना जी जाग आली, तीत मेलेली जनावरे ओढण्यासारख्या गावकीच्या कामांबरोबर सणासमारंभात वाजविण्याचे कामही कित्येक गावच्या मंडळींनी टाकून दिले. आमच्या गावी १९७० च्या सुमारास हलगीवाल्यांच्या मुलांनी हलगी खाली ठेवली. गावातील वडीलधाऱ्यांनी त्यांना दूषणे दिली. माझे वडील मात्र त्या रात्री देवळाच्या ओट्यावर बसून म्हणाले, “त्यांना टाकता आलं.”

वाजविणे हा कोणाचा अपमान होता, तसा वाजवून घेणे हा कोणाचा हक्कही होता. घोड्यावरून व वाजतगाजत वरात काढण्याचा अधिकार कोणत्या जातीस आहे आणि कोणत्या वेशीतून ती न्यावी, यावरून पूर्वी गावोगाव तंटे माजत. आज हे वाचून हसू येते. पण ज्या समाजात वाद्याचा आवाज ही जाहीर साक्ष होती, तेथे तो आवाज नाकारणे म्हणजे ‘तुमच्या घरचे लग्न आम्ही पाहिलेच नाही’ असे म्हणणे होते. हे ध्यानी घेतले म्हणजे त्या तंट्यांतील जिद्द समजते.

या व्यवस्थेचा शेवट एका दिवसात झाला नाही. प्रथम घड्याळ आले. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने हिंदुस्थानभर एकच प्रमाणवेळ चालू केली, तरी मुंबईकरांनी ३९ मिनिटे मागे असणारी आपली मुंबई वेळ पुढे चाळीसहून अधिक वर्षे हट्टाने जपली. मुंबईसारख्या शहरालाही आपली वेळ सोडवत नव्हती, मग खेड्याची काय कथा! तथापि मनगटी घड्याळ गावात शिरले तशी घटिकापात्रे माळ्यावर गेली. पलटणींच्या बँडवरून लग्नाचे बँड निघाले. त्यांतील क्लॅरिओनेट हे सनईचेच दूरचे भावंड, परंतु त्याला गणवेश असल्यामुळे प्रतिष्ठा होती. १९५३ च्या कायद्याने समाजोपयोगी सेवांची इनामे रद्द झाली, देवस्थानाची इनामे निराळी म्हणून राहिली. बलुत्याचे धान्य मात्र आमच्या गावी कोणत्या कायद्याने बंद झाले नाही. १९७२ च्या दुष्काळात खळीच झाली नाहीत, तेव्हा बलुते थांबले ते पुन्हा चालू झाले नाही.

आणि ध्वनिक्षेपक आला. मौज अशी की, त्याच्या भोंग्यालाही लोकांनी ‘कर्णा’ असेच नाव दिले. १९७१ च्या एका लग्नात यजमानांनी तालुक्याहून कर्णा आणि तबकड्या आणल्या होत्या. रिवाज मोडू नये म्हणून वडिलांनाही बोलाविले होते, पण वाजविण्याची वेळ येईना. कर्ण्यातून उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई चालू होती. वडील मंडपाबाहेर आपली सनई मांडीवर घेऊन ऐकत बसले. त्यांनी त्या दिवसापूर्वी बिस्मिल्ला खाँ ऐकले नव्हते. बराच वेळ त्यांचे डोळे मिटलेले होते. मग ते हळूच म्हणाले, “देवासारखा वाजवतो.” तोच मंडपात अक्षता पडल्या. तबकडी आपल्या चालीने तशीच पुढे जात राहिली. ना उठाव, ना थांबा. लग्न लागल्याचे बाहेर कोणाला कळलेच नाही. वडील सनई फडक्यात गुंडाळीत म्हणाले, “पण ह्याला मुहूर्त कोण सांगणार?”

बिस्मिल्ला खाँ यांचा या प्रकारात काहीच दोष नव्हता, हे उघड आहे. १९१६ साली डुमराव येथे जन्मलेला हा थोर कलावंत आपल्यासारख्याच परंपरेतून आला. ज्यांच्याजवळ ते शिकले ते त्यांचे मामा अली बक्ष काशीच्या विश्वनाथ मंदिराच्या सेवेत सनई वाजवीत. देवद्वारीची आणि लग्नघरची सनई त्यांनी मैफलीच्या मंचावर नेली. स्वातंत्र्याच्या मंगल समयी दिल्लीस त्यांची सनई वाजली. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले व २००६ साली ते निवर्तले. पुण्यात १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाचा आरंभ प्रथेप्रमाणे सनईने होतो. आकाशवाणीनेही आपल्या पहाटेच्या आरंभी मंगलध्वनी ठेवला. सनईचा हा सन्मान पाहून मला अभिमान वाटतो. परंतु मंचावरची सनई ऐकण्यासाठी श्रोत्यांनी वेळ काढावयाची असते. देवद्वारीची सनई त्यांना वेळ देत असे. पहिली वाढली आणि दुसरी ओस पडली, या दोन्ही गोष्टी एकाच पन्नास वर्षांत घडल्या.

वडिलांनी मला पुढे शिकविले नाही. मी मागे लागलो तेव्हा ते म्हणाले, “सूर धरायला शिकलास तेवढं पुरे. आता पुस्तक धर.” १९७६ साली मला नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी देवापुढे सनई वाजविली आणि नंतर ती फारशी काढली नाही. त्यांच्या या निर्णयाबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मला शेवटच्या पंगतीत बसावे लागले नाही, माझ्या मुलांना तर पंगतीची ती गोष्ट खरी वाटत नाही. तरीही त्यांच्याबरोबर चारी वेळांच्या गती गेल्या, हे नुकसान माझ्या पगारातून भरून निघालेले नाही.

२०११ साली आमच्या शिवालयात विजेवर चालणारे यंत्र बसले. कळ दाबली की नगारा, घंटा आणि झांज एकदम वाजू लागतात. यंत्र बसविणाऱ्यांचा हेतू चांगला होता. वाजविणारा कोणी उरला नव्हता, आणि देवापुढे शांतता बरी दिसत नाही. पण ते काकडआरतीला जे वाजते तेच शेजारतीलाही वाजते, त्याच जोराने. घरात पडल्या पडल्या ते ऐकून मला कोणती वेळ आहे हे कळत नाही. घड्याळाकडे पाहावे लागते.

२०१६ साली सेवानिवृत्त झाल्यापासून मी एका वहीत टिपणे करीत आहे. गावातील दोन वृद्धांच्या आठवणीतून पहाटेची व धूपारतीची नगाऱ्याची चाल बोलांनी लिहून घेतली. त्यांपैकी एक गृहस्थ आता नाहीत. शेजारतीची गत माझ्याच कानात होती. शेजारच्या वाडीतील एक तरुण, जो बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवितो व ज्याचे आजोबा आमच्या गावचे हलगीवाले होते, रविवारी देवळात येतो. आम्ही दोघे पायरीवर नव्हे, आत, नगाऱ्याशेजारी बसतो. वडिलांच्या सनईला नवी पत्ती बसविली आहे. ती तो वाजवितो व मी सूर धरतो. वयामुळे माझा श्वास मध्येच तुटतो, तेव्हा तो थांबतो आणि आम्ही पुन्हा आरंभ करतो. शेजारतीची गत त्याला आता बसली आहे.

नैवेद्याची गत मात्र मिळालेली नाही. नीरा-भीमेच्या परिसरातील ज्ञातिबांधवांपैकी कोणाच्या घरी, विशेषतः वृद्ध स्त्रियांपैकी कोणास, ती आठवत असल्यास संस्थेच्या कार्यालयाकडे कळवावे. नुसती गुणगुणता आली तरी चालेल. मी येऊन लिहून घेईन.